पैठणहून सियालकोटला गेलेला बाण

माझे बाबा सियालकोटला कधीही गेले नाहीत. ते शहर पाकिस्तानात आणि बाबा श्रीरामपुरात, त्यामुळे तशी वेळ येण्याचं काही कारणही नव्हतं. तरी आमच्या घरात सियालकोटचा विषय निघाला नाही असा एक आठवडा मला आठवत नाही. आई त्या शहराबद्दल सवतीबद्दल बोलावं तसं बोलायची. बाबा वह्या मिटून जेवायला उशिरा आले की म्हणायची, "आलात का तिकडून? आमटी गार झाली."

बाबा शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. पस्तीस वर्षं शिकवलं. उरलेल्या वेळात ते एक पुस्तक लिहीत होते. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी पंजाबात एका यवन राजाने, म्हणजे ग्रीक राजाने, जिथे राजधानी केली त्या शहराला नक्की काय म्हणायचं, एवढाच त्या पुस्तकाचा विषय. जुन्या संस्कृत ग्रंथांत त्याचं नाव शाकल, मद्र देशाची राजधानी. पालीत सागल. ते म्हणजे आजचं सियालकोट असं बहुतेक विद्वान मानतात आणि उरलेले मानत नाहीत. शिवाय ग्रीकांनी म्हणे त्याचं नाव युथिडेमिया ठेवलं होतं, आपल्या एका राजावरून. तो राजा स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. या नावाला पुरावा काय, तर तीनेकशे वर्षांनंतर एका भूगोलकाराने इजिप्तमध्ये बसून लिहिलेली एक ओळ. त्या ओळीतही नाव जरा वेगळंच पडलंय. ते नक्कल करणाऱ्याने चुकवलं असणार असं ठरवून युरोपातल्या पंडितांनी ते परस्पर सुधारून घेतलं.

बाबांचं म्हणणं असं की हे ग्रीक नाव त्या शहरात राहणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडी कधी नव्हतं. ते दरबारी कागदावरचं नाव. "भाजी आणायला निघालेला माणूस बायकोला 'जरा युथिडेमियाला जाऊन येतो' असं म्हणेल का?" असं ते विचारायचे. आई म्हणायची, माणूस भाजी आणायला निघाला तर पुढचं. मग लोक काय म्हणायचे, हा पुस्तकाचा शेवटचा प्रश्न होता आणि त्या प्रकरणाचं नावही ठरलेलं होतं: 'लोक काय म्हणत'. त्या नावाखाली तीस वर्षं कोरी पानं होती. पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बाबा दूध नासलं हेसुद्धा मान्य करत नसत.

पुस्तकाची पक्की प्रत आई करायची, कारण अक्षर तिचं चांगलं होतं. ती गेली तेव्हा मी ओहायोतून तिसऱ्या दिवशी पोचले. बाबांनी कागदांचा गठ्ठा फडक्यात बांधून कपाटावर ठेवून दिला आणि पुन्हा काढला नाही. वर्षभराने, २००६ च्या मे महिन्यात, मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर ओहायोतल्या डब्लिनला घेऊन आले. त्यांची बॅग मीच भरली. मेतकूट आणि लसणाच्या चटणीच्या मधे तो गठ्ठा मीच कोंबला.

डब्लिन हे कोलंबसच्या कडेचं उपनगर. हिरवळ भरपूर, फुटपाथ थोडे, आणि पायी चालणारा माणूस म्हणजे एक घटना. बाबा पहिल्या आठवड्यात फिरायला निघाले तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी गाडी थांबवून काच खाली करून "एव्हरीथिंग ओके?" असं विचारायचं. तिसऱ्या गाडीनंतर ते परत आले. म्हणाले, "इथे चालणं हे आजारपणाचं लक्षण दिसतंय." मग ते खिडकीपाशी बसायला लागले. माझा नवरा सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे दुसऱ्या राज्यात असायचा. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या लिहून काढायच्या. संध्याकाळी यावं तर बाबा सकाळी होते त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून. जेवण अर्धं. बोलणं त्याहून कमी. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. आई नसलेल्या घरातून मी त्यांना उचलून आणलं होतं आणि माणूसच नसलेल्या रस्त्यासमोर बसवलं होतं. गठ्ठा बॅगेतच होता.

जूनमधल्या एका शनिवारी जाडे पोहे संपले म्हणून आम्ही कोलंबसच्या एका किराणा दुकानात गेलो. टायरचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधे ते होतं. पाटीवर लाल प्लॅस्टिकच्या अक्षरांत 'एशियन ग्रोसरी'. मी आत गेले, ढकलगाडी घेतली, पोहे घेतले, मागे बघते तर बाबा नाहीत. ते बाहेर उन्हात पाटीसमोर मान वर करून उभे होते. लाल अक्षरांच्या खाली आधीची काही अक्षरं काढून टाकलेली होती. पाटी उन्हाने विटली होती आणि अक्षरांच्या जागा तेवढ्या गडद राहिल्या होत्या. बाबा ताम्रपट वाचावा तसे एकेक अक्षर वाचत होते. "एस. आय. ए. एल. पुढचं के असावं." मग ते माझ्याकडे वळले. वर्षभरात त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

गल्ल्यावर साठीचा एक माणूस होता, पांढरी दाढी, चष्मा दोरीने गळ्यात. बाबा थेट त्याच्यासमोर गेले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "आप सियालकोट के हो क्या?"

तो माणूस जागच्या जागी थांबला. ती अक्षरं त्याने २००१ च्या शरद ऋतूत, न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडल्यावर, काढली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून 'तुम्ही कुठले' हा प्रश्न त्याला बऱ्याच जणांनी विचारला होता, आणि विचारणाऱ्यांपैकी काहींकडे सरकारी ओळखपत्रं होती.

"क्यों?" तो म्हणाला.

"वो किले का टीला अभी है क्या?"

त्याने हातातलं डाळीचं माप खाली ठेवलं. "है जी. आप गए हैं वहाँ?"

"नहीं," बाबा म्हणाले. "लेकिन तीस साल से देख रहा हूँ."

त्या दिवशी पोहे ढकलगाडीतच राहिले आणि मी पाऊण तास लोणच्यांची लेबलं वाचली. सोमवारी बाबा सकाळी आठला शर्ट-पँट घालून तयार. दुकान दहाला उघडायचं. मी ऑफिसात सांगून वेळ बदलून घेतली. दहाला त्यांना सोडायचं आणि लंच अवरमध्ये घ्यायचं. दुकानदारांनी तांदळाच्या पोत्यांशेजारी घडीची खुर्ची टाकली आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायला सुरुवात केली. ते बाबांना मास्टरजी म्हणायचे. बाबा त्यांना भाईसाहेब. मी अंकल म्हणायचे आणि ते मला बेटी.

बाबा रोज वही घेऊन जायचे. टेकाड किती उंच? त्याच्या कोणत्या अंगाला बाजार? जुनी वीट केवढी, वीतभर की जास्त? गावाजवळून जो ओढा जातो त्याला पाणी किती महिने असतं? पाया खणताना काही सापडतं का, आणि सापडलं तर लोक ते कुठे देतात? अंकल आठवून आठवून उत्तरं द्यायचे. जे आठवत नसे ते फोनकार्ड लावून तिकडच्या भावाला विचारायचे. भाऊ म्हणे खेळाचं सामान बनवायच्या कारखान्यात होता आणि आपल्या गावच्या विटांची लांबी अमेरिकेत कुणाला कशाला हवी आहे, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. पण त्याने एकदा टेप घेऊन जाऊन वीट मोजली. बाबांनी तो आकडा लाल शाईने लिहिला.

आणि गठ्ठा बॅगेतून बाहेर आला. दुपारी बाबा लिहायचे, संध्याकाळी मी ते कॉम्प्युटरवर टाइप करायचे. माझं अक्षर वाईट म्हणून एवढाच उपाय होता. ते दोन पोळ्या खायला लागले, मग तीन. माझ्या भाजीत मीठ कमी आहे अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बरं वाटलं म्हणून.

एके दिवशी अंकलनी त्यांना तिकडची एक गोष्ट सांगितली. तो किल्ला म्हणे राजा सालबाहनने बांधला, म्हणजे आपल्याकडे ज्याला शालिवाहन म्हणतात त्या नावाच्या राजाने. त्यांच्या आजीपासून सगळे हेच सांगत आलेले. बाबांनी ऐकून घेतलं आणि गाडीत मला म्हणाले, "दंतकथा आहे. शालिवाहन नावाचा राजा प्रत्येकालाच आपल्या गावात हवा असतो." विषय संपला. संपलाच असता, मी मधे पडले नसते तर.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या सभागृहात असायचा, गणपती ज्या वारी येईल त्याच्या जवळच्या शनिवारी. मंडळाचा सांस्कृतिक सचिव हा माझ्याहून लहान, पुण्याचा, अतिशय कामसू मुलगा. मी त्याला सुचवलं की बाबांचं व्याख्यान ठेव. निवृत्त झाल्यापासून बाबा कुठल्याही वर्गासमोर उभे राहिले नव्हते. ते एकदा उभे राहावेत असं मला फार वाटत होतं. सचिव घरी आला, चहा प्यायला, सगळं नीट ऐकलं.

"काका, टॉपिक एकदम मस्त आहे," तो म्हणाला. "फक्त कमिटी विचारणार, की याच्यात महाराष्ट्राचं कनेक्शन काय? म्हणजे मागच्या वर्षी एकांनी योगावर बोलायचं म्हटलं तर ते पण कॅन्सल केलं ना आपण. लोकांना आपलं काहीतरी लागतं."

"काही नाही," बाबा म्हणाले.

"थोडंसं तरी?"

"अजिबात नाही."

सचिव उठायला लागला. बाबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी समोरची वही मिटली, आणि ती मिटण्याची रीत मला ओळखीची होती. मी म्हणाले, "शालिवाहन आहे ना! सियालकोटचा किल्ला शालिवाहनाने बांधला असं तिकडे म्हणतात."

सचिव पुन्हा बसला. "म्हणजे आपला शालिवाहन? पैठणचा?"

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "याला बादरायण संबंध म्हणतात." मी म्हणाले, "बाबा, एकच वाक्य. 'असंही म्हणतात' म्हणा आणि पुढे जा. त्यांनी दिलेल्या बारा मिनिटांतली साडेअकरा तर तुमचीच आहेत." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "'असंही म्हणतात' हे असत्य नाही." आणि त्या दुपारी त्यांनी अंकलना व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. अंकल म्हणाले, शनिवारी दुकानात गर्दी असते, पण तुमच्यासाठी दोन तास बंद ठेवतो.

स्लाइड मी बनवल्या. टेकाडाचा नकाशा, नाण्याचं चित्र, नावांची यादी. शेवटची स्लाइड रिकामी दिसत होती म्हणून मी हिंदुस्थानचा नकाशा टाकला आणि त्यावर पैठणपासून सियालकोटपर्यंत एक भगवा बाण. तो बाण खालून सुईंकन वर जाऊन बसावा अशी सोयही केली. बाबांना मी ती स्लाइड आदल्या दिवशी दाखवली नाही. तसं मुद्दाम काही नव्हतं. इडलीचं पीठ वाटायचं होतं.

शनिवारी सकाळी पूजा झाली. आमचे गुरुजी एरवी एका बँकेचा डेटाबेस सांभाळायचे. त्यांनी संकल्पात खणखणीत आवाजात शालिवाहन शके म्हटलं आणि अडीचशे माणसांनी ते दर वर्षीप्रमाणे न ऐकता ऐकलं. मग मुलांचं लेझीम. मग बाबा. अंकल तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते, इस्त्रीच्या कोटात, मांडीवर बर्फीचा मोठा खोका. त्यांनी तो दारातच देऊन टाकायला हवा होता, पण बाबांच्या हातात द्यायचा असा त्यांचा आग्रह होता.

बाबा साडेअकरा मिनिटं उत्तम बोलले. मला माहीत आहे, कारण कुणीही ऐकत नव्हतं आणि त्यांचा आवाज तरी हलला नाही. मागे मुलं धावत होती. मसालेभाताचा वास आला होता. शेवटची स्लाइड आली, बाबा म्हणाले, "तिथला किल्ला शालिवाहनाने बांधला, असंही म्हणतात," आणि त्याच वेळी तो भगवा बाण पैठणहून निघून सियालकोटवर जाऊन बसला.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अडीचशे माणसं एकदम जागी झाली. बाबांनी वळून पडद्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना गप्प बसवलं होतं. त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मी तरी पाहिल्या नव्हत्या. ते माइककडे झुकले आणि म्हणाले, "म्हणजे एका अर्थाने सियालकोट आपलंच आहे."

मागून कुणीतरी "हर हर महादेव" ची आरोळी ठोकली. टाळ्या थांबेनात. अंकलना मराठी येत नव्हतं. त्यांना त्यांच्या शहराचं नाव कळलं, बाण दिसला, आरोळी ऐकू आली. ते माझ्याकडे झुकले.

"बेटी, मास्टरजी ने क्या कहा?"

मी म्हणाले, "कहा कि सियालकोट बहुत पुराना शहर है."

त्यांनी सभोवार पाहिलं. "इस बात पर इतनी तालियाँ?"

मी हसले. दुसरं काय करणार? ते उठले, दुकान उघडायचंय म्हणाले, बर्फीचा खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि गेले. पानं मांडली होती. ते न जेवता गेले.

बाबांभोवती गर्दी होती. "काका, काय प्राउड फील झालं!" एक बाई म्हणाल्या. सचिवाने पुढच्या वर्षी पंचेचाळीस मिनिटं देऊ केली. एका गृहस्थाने ओहायो नदीच्या नावाचं मूळही संस्कृतात असणार का, अशी शंका विचारली. बाबा सगळ्यांना हो-हो करत दाराकडे बघत होते. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "तो जेवला नाही."

"दुकान उघडायचं होतं त्यांना. आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही, बाबा. तुम्ही कौतुक केलं असं सांगितलं. त्यांना कळलेलं नाही."

"त्याला कळलंय," बाबा म्हणाले. "मागच्या बाकावरच्या मुलाला धडा कळत नाही. पण वर्ग कशासाठी हसतोय ते बरोबर कळतं."

पुढे कित्येक आठवडे मी त्यांना दुकानात नेलं नाही. ऑफिसात रिलीज आहे, टायर बदलायचाय, असल्या थापा मारल्या. खरं म्हणजे माझी हिंमत होत नव्हती. बाबा खिडकीपाशी बसायला लागले होते आणि गठ्ठ्याला पुन्हा फडकं बांधलं गेलं होतं. हे सगळं मी घडवून आणलं होतं, फक्त त्यांना टाळ्या मिळाव्यात म्हणून. मला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी जास्त भांडी घासते. घर चकचकीत झालं.

बाबांनी मात्र स्वस्थ बसायचं ठरवलं नव्हतं. त्यांनी सचिवाला फोन लावला. "पुढच्या कार्यक्रमात मला दोन मिनिटं हवीत. दुरुस्ती करायची आहे."

"काका, पुढे कोजागिरी आहे, त्यात अंताक्षरी ठेवलीये. आणि दुरुस्ती कसली? इतकं भारी झालं ना! लोक अजून बोलतायत."

"म्हणूनच."

ते जमलं नाही. मग बाबांनी शुद्धिपत्र लिहिलं आणि मंडळाच्या ईमेलवर पाठवायला दिलं. सचिव "शुअर, काका" म्हणाला. ते ईमेल आम्हाला कधी आलं नाही. ज्या अडीचशे जणांनी ती चूक ऐकली त्यांच्यापैकी एकाचीही ती दुरुस्त करून घ्यायची तयारी नव्हती. चूक सगळ्यांना आवडली होती.

परतीच्या विमानाला तीन आठवडे उरले तेव्हा बाबा एका सकाळी शर्ट-पँट घालून दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या खिशात एक घडी केलेला कागद होता. मी गाडी काढली.

दुकानात एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होती. अंकलनी आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि हळदीच्या पुड्या फडताळात लावत राहिले. खुर्ची भिंतीला घडी करून टेकवलेली होती. बाबांनी कागद गल्ल्यावर ठेवला. अंकलनी तो चष्म्याजवळ धरला, उलटा केला, परत दिला. कागद देवनागरीत होता आणि त्यांना उर्दू तेवढं वाचता यायचं. ही अडचण आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

तेव्हा बाबांनी तो उभं राहून वाचला, कोथिंबीरवाल्या बाईसमोर. "मैंने सभा में कहा कि सियालकोट एक अर्थ से हमारा है. इस बात का कोई प्रमाण नहीं है. मैंने पैंतीस साल बच्चों को सिखाया कि प्रमाण के बिना बोलना नहीं. मैंने तालियों के लिए बोला. यह मेरी गलती है."

अंकल पुड्या लावायचे थांबले होते. "आपकी बेटी ने तो कहा था, आपने हमारे शहर की तारीफ़ की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. मी म्हणाले, "झूठ कहा था, अंकल. और वो तीर भी मैंने ही बनाया था. इनको पता नहीं था."

"अच्छा बनाया था," ते म्हणाले. "सीधा आकर लगा."

बाई कोथिंबीर तिथेच ठेवून निघून गेली. अंकल गल्ल्याच्या मागून बाहेर आले. ते चिडलेले नव्हते, दमलेले दिसत होते. "मास्टरजी, यूनानी आए, नाम रख गए. राजे आए, नाम रख गए. यहाँ मैंने लिखा था, तो एक दिन सीढ़ी लगाकर ख़ुद ही उतारना पड़ा. अब आप भी रख लीजिए. वहाँ रहने वाले से कौन पूछता है?"

बाबांचं तोंड जरा उघडं राहिलं. ते हळूच म्हणाले, "आप लोग क्या कहते हैं? घर में. आपस में."

"घर में?" अंकलना हा प्रश्न नवीन असावा. त्यांनी विचार केला. "घर में तो कोई सियालकोट नहीं कहता. शहर कहते हैं. भाई का फ़ोन आता है तो मैं यही पूछता हूँ, शहर का क्या हाल है. अब्बा काम पर जाते थे तो कहते थे, शहर जा रहा हूँ. बस, शहर."

बाबांच्या खिशात पेन होतंच. त्यांनी शुद्धिपत्राच्या पाठीवर ते नाव लिहिलं. तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या प्रकरणाला जिताजागता, बोलता माणूस मिळाला होता, आणि तो जे सांगत होता ते दोन हजार वर्षांपूर्वी भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या तोंडीही शोभलं असतं. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवणार होते. वेळीच हात खाली घेतले.

बाबा पुढचा प्रश्न लिहायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी मान वर केली.

"आप आख़िरी बार शहर कब गए थे, भाईसाहेब?"

अंकल पुन्हा हळदीच्या पुड्यांकडे वळले. एक पुडी उचलली, सरळ केली, ठेवली. "बारह साल हो गए. काग़ज़ अटके हुए हैं. निकल गया तो वापस आने देंगे कि नहीं, कोई बताता नहीं. अम्मी गुज़रीं, तब भी नहीं जा सका. भाई ने फ़ोन चालू रखा. जनाज़ा उठा, तो मैंने यहीं खड़े-खड़े सुना."

बाबा जूनपासून इथे येत होते. चार वह्या भरल्या होत्या. टेकाडाची उंची, विटेची लांबी, ओढ्याचं पाणी, सगळं त्यांत होतं आणि हे नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघायला लागले.

मग त्यांनी पेनला टोपण लावलं. भिंतीपाशी जाऊन घडीची खुर्ची स्वतः उघडली, पोत्यांशेजारी ठेवली आणि बसले.

"अम्मी कैसी थीं?" त्यांनी विचारलं.

अंकल पुड्यांकडे पाठ करून फडताळाला टेकले. मग म्हणाले, "बहुत ग़ुस्से वाली थीं," आणि दाढीत जरासे हसले, आणि सांगायला लागले. ते खूप वेळ सांगत होते. मला ऑफिसला उशीर झाला होता, पण मी दारातच उभी राहिले. बाबा मान किंचित पुढे करून ऐकत होते आणि त्यातलं काही लिहून घेत नव्हते.